आईची फाईल, मावशीची टेस्ट

सिस्टरांना विचारा : वाचकांची पत्रं आणि उत्तरं

या वेळी जवळजवळ सगळी जागा एकाच पत्राला दिली आहे. ते वाचून मी दोन रात्री नीट झोपले नाही. का, ते उत्तरात येईलच.

पत्र पहिलं

सिस्टर, नमस्कार. मी निफाड तालुक्यातली, वय ३४. मला 'तू'च म्हणा. एक मुलगी आहे, सहा वर्षांची. माझी आई २०१६ साली ओव्हरीच्या कॅन्सरने गेली, ४९ वर्षांची होती. पोट फुगतंय म्हणून आठ महिने ॲसिडिटीच्या गोळ्या घेत होती. सख्खी मावशी नाशिकरोडला असते. तिला ४१व्या वर्षी स्तनाचा कॅन्सर झाला, ऑपरेशन, केमो सगळं झालं, आज दहा वर्षांनी ती ठणठणीत आहे. आजी पोटात पाणी होऊन गेली, एवढंच ऐकलंय. नाशिकच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जीन टेस्ट करा. आमच्या ह्यांचं म्हणणं, "द्राक्षावर डाऊनी रोग दिसायची वाट बघत नाही ना आपण, आधीच फवारतो. करून टाकू." सासूबाई म्हणतात, "नसलेलं दुखणं कशाला विकत घ्यायचं?" आणि दुसऱ्या बाळाचं काय, हेही विचारतात. मावशीची पिशवी काढलेली आहे, म्हणून ती म्हणते, आता मला काय होतंय, जुनं उकरू नका. धाकट्या बहिणीला स्थळं बघतोय, ती २५ची आहे. बाहेर कळलं तर तिचं लग्न अडेल का? आणि टेस्ट खराब आली तर सगळं काढूनच टाकायचं का? आईची फाईल माझ्याकडे आहे. तिच्यात 'हाय ग्रेड सिरस' लिहिलंय. मी ती उघडते आणि परत ठेवून देते.
– म., निफाड

उत्तर

म., ती फाईल आता उघडीच ठेव. त्या तीन शब्दांना फार वजन आहे. ओव्हरीचा हा जो प्रकार आहे, तो घराण्यातून येणाऱ्या बीआरसीए नावाच्या जीनमधल्या दोषाशी सर्वांत जास्त जोडलेला आहे. हा दोष असला की स्तन आणि ओव्हरी, दोन्हीच्या कॅन्सरचा धोका वाढतो. स्तनाच्या १०० कॅन्सरपैकी पाच ते दहाच आनुवंशिक असतात. ओव्हरीच्या बाबतीत हे प्रमाण बरंच जास्त. म्हणून ओव्हरीचा असा कॅन्सर झालेल्या बाईला, वय काहीही असो, जीन टेस्ट सुचवावी असा आज नियम आहे. तुझ्या आईच्या वेळी ती कोणी सुचवली नाही, यात तुमच्या घरातल्या कोणाची चूक नाही.

आता माझं सांगते, कारण लपवून उत्तर देणं मला जमणार नाही. मी नाशिकच्या एका रुग्णालयात ३१ वर्षं ऑपरेशन थिएटरची सिस्टर होते. माझी थोरली बहीण, आमची आक्का, २०१२ मध्ये ओव्हरीच्याच कॅन्सरने गेली, ५१ व्या वर्षी. दिवाळीत तिची सोनोग्राफी झाली होती, रिपोर्ट स्वच्छ. गुढीपाडव्याला पोटात पाणी. मी रोज थिएटरमध्ये पोटं उघडलेली बघणारी बाई, आणि माझ्या घरात हे मला दिसलं नाही. आमच्या एका डॉक्टरांना मी विचारलं, मला काही तपासणी? ते म्हणाले, "तुमच्यात स्तनाचा कोणालाच नाही ना, मग काळजी कशाला?" ते चुकीचं होतं. २०१३च्या मे महिन्यात हॉलिवूडची नटी अँजेलिना जोलीची बातमी आली. तिची आई ५६ व्या वर्षी कॅन्सरने गेली, म्हणून तिने टेस्ट केली, बीआरसीए-१ निघाला, तिने दोन्ही स्तन काढून घेतले. स्टाफरूममध्ये चहा पिताना मी ते वर्तमानपत्रात वाचलं आणि पहिल्यांदा 'बीआरसीए' हा शब्द माझ्या घराशी जोडला. त्याच वर्षी माझी टेस्ट झाली. बीआरसीए-१ पॉझिटिव्ह.

सासूबाईंशी भांडू नकोस. 'विकत घेणं' म्हणजे त्यांना नेमकी कशाची भीती आहे ते मला कळतं. पण त्यांना एवढं सांग की दोष असेल तर तो तू जन्मलीस त्या दिवसापासूनच तुझ्यात आहे. टेस्ट तो आणत नाही. या जीनचं काम पेशीत मोडलेला डीएनए दुरुस्त करायचं. प्रत्येकाला त्याच्या दोन प्रती मिळतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. कामाला दोन गडी ठेवले आणि त्यातला एक पहिल्या दिवसापासून अंथरुणावर, असं समज. दुसरा सगळं ओढत असतो. एखाद्या पेशीत तोही बसला की तिथे दुरुस्ती थांबते आणि कॅन्सर धरू शकतो. म्हणून वारशाने कॅन्सर येत नाही, धोका येतो. आणि तोही प्रत्येक लेकराला येईलच असं नाही, ५० टक्के शक्यता. तुझ्या आईत होता असं धरलं तरी तुझ्यात नसण्याची शक्यता तेवढीच आहे. हे वाक्य रात्री झोप लागत नसेल तेव्हा आठव.

टेस्ट करायचीच, हे माझं स्पष्ट मत. पण तुझी आधी नाही. मावशीची आधी.

यात घाई झाली की गोंधळ होतो, म्हणून नीट सांगते. ज्या व्यक्तीला कॅन्सर झालाय तिच्यापासून सुरुवात केली तर घरात नेमका कुठला दोष फिरतोय ते सापडतं. मग तुझ्यात आणि बहिणीत फक्त तेवढीच एक जागा बघायची, खर्चही कमी. आणि ती तुझ्यात नसेल तर 'नाही' म्हणजे खरोखर नाही. तुझा धोका इतर चारचौघींइतका, आणि तुझ्या लेकीला तुझ्याकडून काही जाणार नाही. पण मावशीला सोडून तू थेट टेस्ट केलीस आणि काही निघालं नाही, तर प्रश्न उरतोच. दोष तुझ्यात नाही, की तुमच्या घरातला दोष या टेस्टला दिसला नाही? मावशीने अगदीच नकार दिला तर तुझी कर. पण आधी मावशीकडे जा.

जाताना तुझ्यासाठी मागायला जाऊ नकोस, तिच्यासाठी जा. तिच्यात दोष निघाला तर दुसऱ्या स्तनाचा धोका असतो, ओव्हरीचा असतो. आणि पुढे कधी औषधाची वेळ आलीच, तर या दोषावर चालणारी वेगळी औषधं आज आहेत, पार्प इन्हिबिटर म्हणतात त्यांना. 'पिशवी काढली' या शब्दावर तर मी पूर्ण पान लिहू शकते. आपल्याकडे पिशवी म्हणजे गर्भाशय. तो काढताना ओव्हऱ्या ठेवल्या की काढल्या, हे निम्म्या बायकांना ठाऊक नसतं. मी कितीतरी जणींना विचारलंय, उत्तर एकच, "सगळं काढलं म्हणाले". मग डिस्चार्ज कार्ड बघावं तर दोन्ही ओव्हऱ्या जागेवर. मावशीचं कार्ड आणि पॅथॉलॉजीचा रिपोर्ट दोन्ही काढायला लाव. गर्भनलिका आणि ओव्हऱ्या तपासणीला गेल्या होत्या का, हे त्या रिपोर्टात सापडेल.

आणि एक काम तू आजच कर. मोठा कागद घे, आजी-पणजीपर्यंत झाड काढ. रामकुंडावर आपल्या पुरोहितांच्या वह्यांत सात पिढ्यांची नावं निघतात, पण कोण कशाने गेलं ते तिथे नसतं. ते वाड्यातल्या म्हाताऱ्यांना विचारूनच मिळतं. नाव, आजार, आणि आजार कळला ते वय. वडिलांकडचंही लिही. हे आईकडूनच येतं ही समजूत अगदी शिकलेल्यांतही आहे. बीआरसीए-१ सतराव्या गुणसूत्रावर असतो, बीआरसीए-२ तेराव्यावर. मुलगा-मुलगी ठरवणाऱ्या गुणसूत्राशी त्यांचा संबंध नाही, बापाकडूनही तेवढाच येतो. हा कागद आणि आईची फाईल घेऊन जेनेटिक कौन्सेलरकडे, म्हणजे आनुवंशिक आजारांबद्दल सल्ला देणाऱ्यांकडे, जा. परळच्या टाटा रुग्णालयात कॅन्सर जेनेटिक्सचा विभाग आहे. सकाळची पंचवटी एक्सप्रेस धरायची, दादरला उतरायचं. संध्याकाळी परत पंचवटीनेच. त्या गाडीत फाईल मांडीवर घेतलेली माणसं मी कायम बघत आलेय. टेस्टच्या आधी कौन्सेलरशी बोलणं झालंच पाहिजे. नुसतं रक्त देऊन घरी रिपोर्ट मागवू नकोस.

आता तुझा खरा प्रश्न. पॉझिटिव्ह आली तर सगळं काढायचं का?

आकडे आधी. सुमारे दहा हजार स्त्रियांच्या, २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या परदेशी अभ्यासात दिसलं ते असं. बीआरसीए-१ असलेल्या १०० जणींपैकी ८० व्या वर्षापर्यंत साधारण ७२ जणींना स्तनाचा कॅन्सर होतो, ४४ जणींना ओव्हरीचा. बीआरसीए-२ मध्ये ६९ आणि १७. हे आकडे मोठे आहेत, मी ते लहान करून सांगणार नाही. पण ते आयुष्यभराचे आहेत. उद्याचे नाहीत.

तुझे मालक फवारणीचं म्हणतात, त्यांचं मन चांगलं आहे, त्यांना माझा नमस्कार सांग. पण फवारणी वाया गेली तर थोडं औषध वाया जातं. काढलेला अवयव परत बसवता येत नाही. म्हणून दोन गोष्टी वेगळ्या कर, स्तन वेगळे आणि ओव्हऱ्या वेगळ्या.

स्तनांवर पहारा ठेवता येतो. २५ व्या वर्षापासून दरवर्षी एमआरआय, तिशीनंतर त्याच्या जोडीला मॅमोग्राफी. कॅन्सर यामुळे टळत नाही, पण लहान असताना सापडतो. मी हाच रस्ता धरला. दरवर्षी फेब्रुवारीत पालथं झोपून त्या मशीनमध्ये जाते, हात डोक्यावर, शिरेतून औषध, आणि तो ठोकाठोकीचा आवाज. २०१९ला त्यात एक ठिपका दिसला. बायोप्सी केली. रिपोर्ट यायला अकरा दिवस लागले, त्या अकरा दिवसांत मी घरातली सगळी पितळी भांडी चिंचेने घासून काढली. साधा ठिपका होता. एमआरआयमध्ये असे खोटे इशारे येतात, ते सोसायची तयारी लागते. माझ्या मामेबहिणीला तेच सोसेना. दरवर्षी तारीख जवळ आली की तिचं जेवण सुटायचं. तिने ३९ व्या वर्षी दोन्ही स्तन काढून लगेच नवे बसवून घेतले. त्या ऑपरेशनने स्तनाच्या कॅन्सरचा धोका ९० टक्क्यांहून जास्त कमी होतो. ती आज माझ्यापेक्षा शांत झोपते. ती बरोबर, मीही बरोबर. तू कुठली आहेस ते तुला एका रात्रीत कळणार नाही, आणि ३४ व्या वर्षी एका रात्रीत ठरवायचीही गरज नाही.

ओव्हरीवर मात्र पहारा चालत नाही. म., हे मी आक्काच्या नावाने लिहिते आहे. सोनोग्राफी आणि सीए-१२५ची रक्ततपासणी दरवर्षी करून ओव्हरीच्या कॅन्सरचे मृत्यू टळतात, असं सिद्ध झालेलं नाही. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून जास्त सर्वसाधारण स्त्रियांवर कित्येक वर्षं हे करून बघितलं, २०२१ मध्ये निष्कर्ष आला, मृत्यू कमी झाले नाहीत. पुष्कळदा हा कॅन्सर गर्भनलिकेच्या टोकाशी सुरू होतो आणि दिसेपर्यंत पोटभर पसरलेला असतो. 'वर्षातून एकदा सोनोग्राफी करते, मग मी सुरक्षित' असं कोणी म्हणालं की माझ्या पोटात गोळा येतो. म्हणून बीआरसीए-१ असेल तर मुलंबाळं झाली की ३५ ते ४० या वयात नलिका आणि ओव्हऱ्या काढाव्यात असा सल्ला असतो. बीआरसीए-२ असेल तर ४० ते ४५ पर्यंत थांबता येतं. दुर्बिणीतून होतं, बहुतेक जणी एक-दोन दिवसांत घरी जातात. ओव्हरीच्या कॅन्सरचा धोका त्याने ८० टक्के किंवा जास्तच कमी होतो. शून्य होत नाही, पोटाच्या आतल्या आवरणात थोडा उरतो.

म्हणजे सासूबाईंचा दुसऱ्या बाळाचा प्रश्न इथे खरंच महत्त्वाचा आहे, फक्त त्यांना वाटतो त्या कारणाने नाही. बाळ हवं असेल तर ते आधी, ऑपरेशन नंतर. नको असेल तर तसं दोघांनी ठरवा. पण टेस्टचं उत्तर हातात घेऊन ठरवा.

ऑपरेशनची दुसरी बाजू कोणी सांगत नाही, मी सांगते. पाळी हळूहळू जात नाही, एका दिवसात जाते. माझं जानेवारी २०१४ला झालं, ४५ व्या वर्षी. पुढे वर्षभर थिएटरच्या एसीत गाऊनखाली मी घामाने निथळत होते. चिडचिड, कोरडेपणा, झोप नाही. नवरा-बायकोतलंही बदलतं, ते तुझ्या मालकांना आधीच सांगून ठेव. ज्यांना स्वतःला स्तनाचा कॅन्सर झालेला नाही त्यांना नैसर्गिक पाळी जाण्याच्या वयापर्यंत हार्मोनचं औषध देता येतं. मी ते पन्नाशीपर्यंत घेतलं, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. हाडांचा डेक्सा स्कॅन करत राहायचा, चालायचं. आणि थिएटर सिस्टरचा एक निरोप ऐक. पॅथॉलॉजीला नमुना जातो त्या फॉर्मवर 'बीआरसीए' ठळक लिहायला सांग, म्हणजे नलिकेचे बारीक बारीक काप करून बघतात. वरून धडधाकट दिसणाऱ्या नलिकेत कधीकधी अगदी सुरुवातीचा कॅन्सर सापडतो. साध्या तपासणीत तो निसटू शकतो.

बहिणीचं. तिची टेस्ट तिची, तू ठरवू नकोस आणि आईवेगळी म्हणून तिच्यापासून लपवूही नकोस. २५ हे वय तपासण्या सुरू होण्याचं आहे, तेव्हा तिला सगळं समजावून सांग आणि मग तिला हवा तेवढा वेळ घेऊ दे. बायोडेटात हे लिहायचं कारण नाही, मध्यस्थाला तर मुळीच सांगायचं नाही. पण गोष्ट पुढे जाईल असं वाटलं की साखरपुड्याच्या आधी तिने स्वतः त्या मुलाला सांगावं, समोर बसून. असं सांगून झालेली दोन लग्नं मला माहीत आहेत, आणि एक मोडलेलं. मोडलं ते बरं झालं, असं ती मुलगी आज म्हणते.

तुझ्या लेकीला यातलं आत्ता काहीच नको. लहान मुलांची ही टेस्ट करत नाहीत. ती सज्ञान होईल, तिला वाटेल तेव्हा ती ठरवेल.

विम्याचं तू विचारलं नाहीस, पण विचारशील. जनुकीय आजार म्हणून सरसकट क्लेम नाकारता येणार नाही, असं २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने म्हटलं. त्याच वर्षी विमा नियामकांनीही कंपन्यांना तशी सूचना दिली. मात्र कॅन्सर नसताना केलेल्या ऑपरेशनचे पैसे मिळतील का, हे आधी कंपनीकडून लेखी घे.

मावशीकडे जाशील तेव्हा सांग, एक सिस्टर फोनवर बोलायला तयार आहे. नंबर संपादकांकडे आहे.

पत्र दुसरं

माझ्या सख्ख्या बहिणीला बीआरसीए-२ निघाला आहे. मी पुरुष, वय ४७, सातपूरला कंपनीत आहे, दोन मुली. बहीण मागे लागली आहे की तूही टेस्ट कर. मला काय गरज?
– र., सिडको, नाशिक

उत्तर

दादा, बहिणीचं ऐका. तुमच्यात हा दोष असण्याची शक्यता ५० टक्के आहे, आणि असेल तर तुमच्या प्रत्येक मुलीला तो जाण्याची ५० टक्के. मुलींना तुमच्याकडून येऊ शकतो हे कोणाच्या ध्यानात राहत नाही, मग पुढे त्यांना डॉक्टर विचारतात, "आईला होता का?" आणि त्या "नाही" म्हणतात.

तुमच्या स्वतःसाठीही हवी. बीआरसीए-२ असलेल्या पुरुषांत प्रोस्टेटचा कॅन्सर जास्त होतो, तुलनेने लवकर आणि जोरात होतो, म्हणून चाळिशीपासून पीएसए ही रक्ततपासणी करत राहायला सांगतात. पुरुषांनाही स्तनाचा कॅन्सर होतो. धोका बायकांपेक्षा कितीतरी कमी, पण छातीवर बोंडाजवळ गाठ लागली, तर लाजून थांबू नका. आमच्याकडे एक गृहस्थ वर्षभर शर्टाच्या आत रुमाल ठेवत होते, बायकोलाही सांगितलं नव्हतं. बहिणीच्या रिपोर्टाची प्रत घेऊन जा, तेवढीच एक जागा तपासतील.

पत्र तिसरं

माझ्या जीन टेस्टच्या रिपोर्टात 'अनिश्चित महत्त्वाचा बदल' असं आलं आहे, झेरॉक्स सोबत जोडते. ओव्हऱ्या काढू का?
– एक वाचक, देवळाली कॅम्प

उत्तर

नाही. या शेऱ्याचा अर्थ, जीनमध्ये बदल दिसला पण तो अपायकारक आहे की निरुपद्रवी हे आज ठरलेलं नाही. त्याच्या आधारावर कोणताही अवयव काढत नाहीत, आणि त्यासाठी नातेवाइकांच्या टेस्टही करत सुटायचं नसतं. असे बहुतेक बदल पुढे निरुपद्रवी ठरतात. तुमच्या तपासण्या घराण्यात कोणाला काय झालं त्यावरून ठरतील, आणि तोच कागद तुम्ही पाठवलेला नाही. दर वर्षा-दोन वर्षांनी कौन्सेलरला विचारत राहा की या बदलाचं वर्गीकरण बदललं का.

झेरॉक्स मी बंद पाकिटात तुमच्या पत्त्यावर परत पाठवली आहे. असा रिपोर्ट टपालाने कोणालाही पाठवू नका, मलासुद्धा.